तारेची लांबी, तांब्याची जात आणि ऐकणाऱ्याची साक्ष

(थ्रेड, थोडा मोठा आहे)

स्पीकरला जोडलेली तार बदलली, तर आवाज बदलतो का? घरी स्टिरिओ बाळगणाऱ्या शौकिनांमध्ये या प्रश्नावरून गेली सुमारे पन्नास वर्षे भांडण चालू आहे. एक पक्ष शपथेवर सांगतो, की जाड आणि शुद्ध तांब्याची केबल लावताच तानपुऱ्याचा नाद खोलीत उभा राहिला. दुसरा पक्ष म्हणतो, टेबललॅम्पची साधी वायर लावा, कानाला काडीचाही फरक कळणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यात लक्ष का घालावे? कारण यातला निम्मा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच, अटलांटिक महासागराच्या तळाशी, प्रचंड पैसा बुडवून सोडवला गेला आहे. उरलेला निम्मा प्रश्न विजेचा कमी आणि साक्षीपुराव्याचा अधिक आहे, आणि साक्षीपुरावा हा तर आपलाच प्रांत.

सुरुवात १८५० च्या दशकापासून करू. खांबांवरून हवेतून नेलेल्या तारायंत्राच्या तारा तोवर रुळल्या होत्या. त्यांतून संकेत पाठवला की तो जवळजवळ त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला पोहोचे. पण तीच तार गटापर्चाच्या वेष्टनात गुंडाळून पाण्याखाली टाकली की संकेत रेंगाळू लागे. या टोकाला कळ दाबल्यावर त्या टोकाला सुई सावकाश उठे, सावकाश खाली येई आणि घाईने पाठवलेले दोन संकेत एकमेकांत मिसळून जात. मायकेल फॅरेडे यांनी १८५४ मध्ये याचे कारण सांगितले. आत तांबे, मध्ये गटापर्चा, बाहेर समुद्राचे पाणी अशी रचना झाली की ती तार म्हणजे एक लांबच लांब लेडन जार बनते. विद्युतप्रभार पुढे सरकण्याआधी तो जार भरावा लागतो. लवचीक रबरी नळीत पाणी सोडले की नळी आधी फुगते आणि मगच दुसऱ्या टोकाला धार लागते, तसेच काहीसे.

ग्लासगो विद्यापीठातील तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगाला माहीत झालेले) यांनी जॉर्ज स्टोक्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात या विलंबाचे गणित मांडले आणि १८५५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी वाढली की तांब्याचा रोध वाढतो, त्याच वेळी वेष्टनाची प्रभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिताही वाढते, आणि विलंब या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. तार दसपट लांब केली तर विलंब शंभरपट. उपायही त्याच गणितातून निघत होता. तांबे जाड घ्या, वेष्टनही जाड घ्या.

अटलांटिक टेलिग्राफ कंपनीला हा निष्कर्ष परवडणारा नव्हता. आयर्लंडमधील व्हॅलेंशिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटर तार टाकायची, तर जाड तांबे म्हणजे अफाट खर्च आणि जहाजांना न पेलणारे ओझे. कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस, व्यवसायाने शल्यचिकित्सक. त्यांनी प्रयोगांमागून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ठामपणे सांगितले, की थॉमसन यांचा वर्गाचा नियम प्रत्यक्ष निसर्गात आढळत नाही. थॉमसन यांचे उत्तर असे होते, की व्हाइटहाउस यांचे आकडे खोटे नसले तरी त्यांची मांडणी भलतीच गोष्ट मोजते आहे. हा प्रसंग ध्यानात ठेवावा. प्रामाणिक माणूस, हजारो निरीक्षणे, आणि तरीही चुकीचा निष्कर्ष. कारण काय मोजले जात आहे हेच तपासलेले नव्हते.

५ ऑगस्ट १८५८ रोजी तार दोन्ही किनाऱ्यांना लागली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना पाठवण्यात आला. तो संदेश अवघ्या ९८ शब्दांचा होता आणि पोहोचायला सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउस यांचा उपाय होता विजेचा जोर वाढवण्याचा. त्यांनी प्रेरण-कॉइलांनी सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचा दाब त्या तारेवर लादला. थॉमसन यांनी मात्र अत्यंत क्षीण प्रवाहही दाखवणारा आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला होता, आणि जे काही संदेश वाचले गेले ते मुख्यत्वे त्याच्याच बळावर. काही आठवड्यांतच तार मुकी झाली.

पुढे कित्येक दशके सारा दोष व्हाइटहाउस यांच्या माथी मारला गेला. माझ्या मते हा न्याय जरा घाईचा आहे. ती तार मुळातच ढिसाळपणे बनवलेली होती, टाकण्याआधी उघड्यावर पडून होती आणि उन्हाने तिच्या गटापर्चाची हानी झालेली होती. ती तशीही फार दिवस जगली नसती. अपयशाला एक चेहरा लागतो. कंपनीला तो मिळाला.

आता तांब्याच्या प्रतीकडे येऊ, कारण केबल विकणारे आजही तोच शब्द वापरतात. वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या, दिसायला सारख्याच असलेल्या तांब्याच्या तारांची वाहकता बरीच वेगळी असते हे थॉमसन यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. तोवर तांबे ते तांबे अशीच समजूत होती. अटलांटिकची तार गेली आणि पाठोपाठ भारताकडे येणारी तांबड्या समुद्रातील तारही १८६० मध्ये निकामी झाली. त्याच सुमारास सरकारचे व्यापार मंडळ आणि अटलांटिक कंपनी यांची संयुक्त चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. याच काळात ऑगस्टस मॅथिसन यांनी ठिकठिकाणच्या तांब्याच्या वाहकतेची तुलना केली. अमेरिकेतील लेक सुपीरियरचे तांबे शुद्ध तांब्याच्या जवळपास बरोबरीचे निघाले, तर स्पेनमधील रिओ टिंटोचे तांबे जेमतेम १४ टक्क्यांवर अडकले. त्यात आर्सेनिक होते. म्हणजे डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन तारांत तब्बल सातपट फरक! त्या काळी ‘आमचे तांबे शुद्ध आहे’ हा दावा खरोखरच लाखमोलाचा होता.

धडा महागात पडला, पण शिकला गेला. १८५८ च्या तारेत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे आणि २६१ पौंड गटापर्चा होते. १८६६ च्या यशस्वी तारेत तेच प्रमाण ३०० आणि ४०० पौंडांवर गेले आणि तांब्याची वाहकता कराराच्या अटींनुसार तपासून घेतली जाऊ लागली. नवी तार मिनिटाला सहा ते आठ शब्द वाहून नेई. ती टाकणारे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज १८७० मध्ये आपल्या मुंबईलाही आले होते. एडनपर्यंतची तार पोटात घेऊन फेब्रुवारीत ते मुंबईहून निघाले. उष्ण कटिबंधातील उन्हाने गटापर्चा मऊ पडू नये म्हणून त्या जहाजाला पांढरा रंग फासला होता. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्री तारांनी जोडल्या गेल्या.

या साऱ्या उलाढालीचे एक अपत्य आपण आजही रोज वापरतो. तारेचे दोष शोधायचे, करार करायचे, तांबे नाकारायचे किंवा स्वीकारायचे, तर रोध मोजण्याचे सर्वमान्य माप हवे. ते ठरवण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये समिती नेमली आणि तिथूनच आजच्या ‘ओहम’ची वाटचाल सुरू झाली. १९१३ मध्ये तांब्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले: एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओहम. हा आकडा लिहून ठेवा. पुढे दिवाणखान्यात तोच लागणार आहे.

मधला टेलिफोनचा अध्याय इथे उरकून घेतो, खरे तर तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये सिद्ध केले, की लांब तारेत योग्य प्रमाणात प्रेरकत्व वाढवले तर बोलण्यातली विकृती कमी होते. ब्रिटिश टपालखात्याचे बडे अधिकारी विल्यम प्रीस यांनी त्यांना धुडकावले. शतक संपता संपता अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मायकेल प्यूपिन यांनी त्याच तत्त्वावर तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवून दाखवल्या. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की तारेची लांबी, जाडी, वेष्टन आणि धातू यांचा संकेतावर काय परिणाम होतो याचे शास्त्र स्पीकर जन्माला येण्याआधीच पूर्णत्वाला गेले होते.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो हलत्या कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. सुरुवातीच्या दशकांत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बहुधा एकाच लाकडी पेटीत असत. दोहोंमधली तार वीतभर. तिच्या गुणवत्तेचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि चित्र पालटले. डावा आणि उजवा असे दोन स्पीकर एकमेकांपासून लांब ठेवणे भागच झाले. तार पेटीबाहेर पडली, भिंतीकडेने धावू लागली, गालिच्याखाली लपू लागली. लोक दिव्याची दुपदरी वायर वापरत आणि तेवढ्यावर भागतही असे.

आता तो आकडा काढा. गणित शाळेतलेच आहे. स्पीकरपर्यंत एक तार जाते आणि एक परत येते, म्हणून अंतर दुप्पट धरायचे. दहा मीटर अंतरासाठी ०.२ चौरस मिलिमीटरची बारीक तार घेतली, जी कित्येकदा स्वस्त संचासोबत फुकट येते, तर तिचा रोध १.७२ ओहम भरतो. ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी वायर घेतली तर ०.४६, आणि घराच्या वायरिंगला वापरतात तशी २.५ ची घेतली तर ०.१४. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असते, पण ते नाममात्र. खरा आकडा स्वरागणिक बदलतो. एखाद्या स्पीकरमध्ये तो कुठे ३ ओहमपर्यंत खाली येतो, तर कुठे ३० पर्यंत चढतो. तारेचा रोध त्याच्याशी कायम वाटा मागत बसतो. जिथे स्पीकर ३ ओहमवर आहे तिथे ती फुकटची बारीक तार आवाज सुमारे ४ डेसिबेलने खाली आणते. जिथे ३० आहे तिथे जेमतेम अर्ध्या डेसिबेलने. म्हणजे काही स्वर दबतात, काही तसेच राहतात. हा बदल कानाला स्पष्ट कळेल. २.५ च्या तारेत हीच तफावत सुमारे एक-तृतीयांश डेसिबेल उरते.

तेव्हा ‘तारेने काहीच फरक पडत नाही’ म्हणणारेही चुकतात. पडतो. पण कशाने पडतो ते पाहा: लांबी आणि जाडी. तीन मीटरसाठी ०.७५ ची वायर नेमके तेच काम करते, जे दहा मीटरसाठी २.५ ची करते. दोन्हींचा रोध ०.१४ ओहमच येतो. म्हणून ‘कुठली केबल चांगली’ या प्रश्नाला ‘किती लांब’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

अंतर खरोखरच मोठे असेल तर जाड तांबे हा शहाणा उपाय नाही. रेल्वे फलाटावरचे किंवा मोठ्या मंडपातले भोंगे आठवा. तिथे अ‍ॅम्प्लिफायरमधून १०० व्होल्टची लाइन काढतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवतात. ८ ओहमच्या स्पीकरला १० वॉट थेट द्यायचे तर तारेतून १.१ अँपियर वाहतात. १०० व्होल्टच्या लाइनवर ०.१ अँपियर पुरतात. तारेतील उष्णतेची हानी प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती सुमारे सव्वाशे पटींनी घटते. शेकडो मीटर साध्या वायरवर आरती व्यवस्थित ऐकू येते ती यामुळे.

आणि तो अटलांटिकचा विलंब? तो दिवाणखान्यात येतच नाही. माणसाला ऐकू येणारा सर्वांत उंच स्वर २०,००० हर्ट्झच्या आसपासचा. केबलमध्ये त्याची तरंगलांबी सुमारे १० किलोमीटर भरते. पाच मीटरची तार हा तिचा दोन-हजारावा भाग. म्हणूनच ‘दोन्ही स्पीकरच्या तारा मिलिमीटरपर्यंत सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे होतो’ हा सल्ला ऐकला की मला हसू आवरत नाही. एक तार दुसरीहून तीन मीटर लांब असली तर विद्युतसंकेत सुमारे १५ नॅनोसेकंदांनी मागे पडतो. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी एका मिलिमीटरचा दोनशेवा हिस्सा चालतो. तुम्ही खुर्चीत श्वास घेतलात तरी डोके त्याहून अधिक हलते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मौल्यवान केबल स्पीकरच्या पेटीपाशी संपते, तार संपत नाही. आत व्हॉइस कॉइल असते: कित्येक मीटर बारीक तार गुंडाळलेली. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तिचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो. त्यापुढे बाहेरचे ०.०४ की ०.१४ ही तुलना म्हणजे खडकाळ घाटरस्त्याच्या तोंडाशी दोन पावले संगमरवर बसवण्यासारखे आहे.

मग १९७० च्या दशकात असे काय घडले, की तार एकाएकी चैनीची वस्तू झाली? काही कारणे खरी होती. ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर भरपूर शक्ती देऊ लागले, स्पीकर कमी कार्यक्षम आणि कमी ओहमचे होऊ लागले, त्यामुळे तारेतून वाहणारा प्रवाह वाढला. फुकटच्या बारीक वायरी खरेच अपुऱ्या पडत होत्या. या पोकळीत नोएल ली या अभियंत्याने १९७९ मध्ये सान फ्रान्सिस्कोत ‘मॉन्स्टर केबल’ सुरू केली. जाड तांबे, देखणे वेष्टन, भारदस्त नाव. विक्रेत्यांना स्पीकरपेक्षा केबलवर नफा जास्त सुटे, आणि गिऱ्हाईक दुकानात आलेलेच असे. सुरुवातीचे म्हणणे तर वाजवीच होते: जाड तार वापरा. पण जाडीला एक मर्यादा आहे आणि जाड वायर कोणीही विकू शकतो. मग जाहिरातींची भाषा जाडीकडून शुद्धतेकडे, विणीकडे, ‘दिशे’कडे आणि चांदीकडे सरकत गेली.

‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ हा शब्दप्रयोग घ्या. असे तांबे खरेच असते आणि त्याचा उपयोगही खरा आहे. हायड्रोजनच्या संपर्कात तापवताना साधे तांबे ठिसूळ होते, म्हणून निर्वात नळ्यांसारख्या कामांत ते लागते. वाहकतेत मात्र १९१३ च्या प्रमाणाच्या १०० टक्क्यांऐवजी १०१ टक्क्यांच्या आसपास मिळतात. त्याच एक टक्क्यासाठी तार एक टक्का जाड घेतली तरी भागते. रिओ टिंटोचे १४ टक्के आणि लेक सुपीरियरचे जवळपास १०० टक्के, या दरीत ज्या शब्दाला अर्थ प्राप्त झाला होता, तोच शब्द आता १०० आणि १०१ यांच्या फटीत उभा करून विकला जातो. आज सावध राहायचे असेल तर ते वेगळ्याच कारणासाठी: तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा बाजारात मिळतात. त्यांची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी असते. तेवढ्याच रोधासाठी ती तार दीडपटीहून जाड घ्यावी लागते.

तारेला शोभेची वस्तू म्हणून विकण्याचा मान मात्र मॉन्स्टरकडे जात नाही. १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने अटलांटिकच्या तारेचा उरलेला साठा विकत घेऊन त्याचे चार-चार इंचांचे तुकडे केले, पितळी कड्या बसवल्या आणि प्रत्येकी ५० सेंटला विकले. सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्रही मिळे. समुद्रातली मूळ तार तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती.

केबलच्या दाव्यांची जाहीर परीक्षा ऑगस्ट १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने छापली. लॉरेन्स ग्रीनहिल यांनी श्रोत्यांना कोणती तार जोडली आहे ते न सांगता तीन तारा ऐकवल्या: २४ गेजची बारीक, १६ गेजची दिव्याची वायर आणि मॉन्स्टर. निष्कर्ष वरच्या गणिताशी तंतोतंत जुळला. बारीक तार इतर दोहोंहून निकृष्ट म्हणून ओळखू येत होती. पण संगीत ऐकताना दिव्याची जाड वायर आणि मॉन्स्टर यांतला फरक श्रोत्यांना सांगता आला नाही. १९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात बारा केबल्सची मोजमापे दिली. तिथेही तारेचा रोध आणि प्रेरकत्व कमी असावे यापलीकडे कोणतीही गूढ गोष्ट हाती लागली नाही.

इथे प्रामाणिक शौकीन दुखावतो. ‘मी स्वतः ऐकले आहे,’ तो म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. इतिहासाच्या अभ्यासात आपण रोज अशा साक्षींना सामोरे जातो: साक्षीदार सच्चा आहे, प्रसंगी हजर होता, त्याला खोटे बोलून मिळवायचे काही नाही, तरीही त्याने सांगितलेले घडले असेलच असे नाही.

एडिसन कंपनीच्या ‘टोन टेस्ट’ पाहा. १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेतील शहरोशहरी रंगमंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी ठेवले जात. मध्येच अंधार करत आणि दिवे लागले की गायिका केव्हाच आत निघून गेल्याचे प्रेक्षकांना कळे. गात होते ते यंत्र. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला. हजारो लोकांनी आणि वृत्तपत्रांनी साक्ष दिली, की खरा आवाज आणि यंत्राचा आवाज यांत फरक कळत नाही. त्या तबकड्या आज ऐकल्या तर लहान मूलही फरक सांगेल. अ‍ॅना केस या गायिकेने पुढे मान्य केले, की यंत्राशी जुळेल अशा बेताने ती आवाज लावत असे. श्रोते मूर्ख नव्हते. त्यांना काय ऐकायचे आहे हे आधीच सांगितलेले होते.

याहून जुने उदाहरण १७८४ चे. मेस्मरचे ‘प्राणिचुंबकत्व’ तपासण्यासाठी फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉइझिए होते. बागेतले एक झाड ‘भारित’ करून बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. मूर्च्छा खरी होती. झाडाशी तिचा संबंध नव्हता. डोळ्यांवरची ती पट्टी म्हणजे साक्ष आणि कारण यांना वेगळे करण्याचे एक अत्यंत स्वस्त साधन आहे, आणि महागड्या केबलचे बरेच भक्त नेमके तेच साधन नाकारतात. ‘परीक्षेच्या दडपणात कान नीट काम करत नाहीत’ असे त्यांचे म्हणणे असते. त्यात थोडे तथ्यही असेल. पण त्याच दडपणाखाली २४ गेजची तार लोकांना ओळखता आली होती हे विसरून चालत नाही.

कानाला फसवणाऱ्या गोष्टी तशाही पुष्कळ आहेत. दोन तारांपैकी एकीने आवाज किंचित मोठा झाला, तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘स्वच्छ’ वाटतो. जुनी वायर काढून नवी लावताना स्पीकरचे गंजलेले टर्मिनल घासले जातात, सैल स्क्रू आवळले जातात. सुधारणा खरीच होते, श्रेय मात्र केबलला मिळते. आणि एवढा पैसा मोजल्यावर माणूस परिचित गाणे कधी नव्हे इतके लक्ष देऊन ऐकतो, हे वेगळेच.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल तर एक मित्र, एक चादर आणि एक नाणे पुरे. दोन्ही तारा सारख्या लांबीच्या घ्या, टर्मिनल स्वच्छ करा, आवाजाची पातळी मीटरने जुळवून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर चादरीआड ठेवा. मित्राने नाणे उडवून तार जोडावी, तुम्हाला काही सांगू नये आणि शक्यतो तोंडही दाखवू नये. जोडलेली तार एका कागदावर, तुमचे उत्तर दुसऱ्या कागदावर. तार बदलण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक वेळी बंद करा, आणि तारेत बदल नसला तरी तितकाच वेळ घ्या, नाहीतर खटपटीच्या आवाजावरून उत्तर कळेल. असे सोळा वेळा करा. निव्वळ अंदाजाने बोलणाऱ्याची आठेक उत्तरे बरोबर येतात. बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. दोन्ही कागद समोरासमोर ठेवण्याआधी मात्र, किती उत्तरे बरोबर आली तर कोणाचे म्हणणे मान्य करायचे, ते लिहून ठेवा.